निम्मी इटालियन

सातारा,
४ ऑक्टोबर १९६४

प्रिय मित्र ज्योतिबा बनसोडे यास हिंदुराव फडतरे याचा रामराम.

अठरा वर्षांनी माझं अक्षर बघून चमकला असशील. पत्ता कसा लागला ते आधी सांगतो. आमच्या खरेदी-विक्री संघाच्या गोदामात सांगलीहून ट्रक येतो. त्याचा ड्रायव्हर परवा चहा पिता पिता म्हणाला, "आमच्याकडं मिरज रोडला एक बनसोडे हाय. सायकल वळणावर असतानाच सांगतो, पुढच्या चाकात एक छर्रा कमी हाय म्हणून." मी म्हटलं, गड्या, हा आमचाच! इटलीत वर्कशॉप कंपनीत असताना ट्रक फाटकातून आत यायच्या आधी तू त्याचा रोग सांगायचास.

आता कामाचं. येत्या २६ जानेवारीला इथे माजी सैनिकांची सायकल शर्यत आहे. सातारा ते कोरेगाव आणि परत. फक्त चाळिशीच्या वरच्यांसाठी. मी नाव दिलं आहे आणि 'इटालियन रेसर घेऊन उतरणार' असं सगळ्यांना सांगून बसलो आहे. फ्रेम माझ्याकडे भिंतीवर आहे, तिला पोचासुद्धा पडलेला नाही. चाकं आहेत, हँडल आहे. पण माझ्या सायकलचे भाग तुझ्याकडे आहेत. चेनव्हील, पायडलांसकट दोन्ही क्रँक, मधला एक्सल, तो ज्यात फिरतो ते दोन कप, चेन आणि फ्रीव्हील. एवढे आले की झालं.

इथल्या दुकानदारानं देशी कप घालून बघितले. इटालियन भोक मोठं, आत नुसते खुळखुळ्यासारखे वाजतात. पुण्याला, मुंबईला कळवलं. आयात बंद, कुणाकडे नाही. तेव्हा माझ्या सायकलचे भाग एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठव. लग्नाच्या गडबडीत तू ते परत घेऊन गेलास, त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. आता मात्र माझ्या सायकलचे भाग मला हवेत.

तुझा
हिंदुराव

—

सांगली,
११ ऑक्टोबर १९६४

हिंदुराव,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा हातातला पाना भिरकावला, तो समोरच्या न्हाव्याच्या आरशाला लागता लागता राहिला.

'माझ्या सायकलचे भाग' असं तू तीन ठिकाणी लिहितोस. कुणाची सायकल? फ्लोरेन्सच्या पुढच्या त्या गावातल्या म्हाताऱ्या सायकलवाल्याला तू सिगारेटचे तीन डबे दिलेस. मी महिनाभर माझे रविवार दिले आणि त्याचा बंद पडलेला लेथ चालू करून दिला. म्हातारा सायकल देताना दोघांचे हात हातात घेऊन काय बडबडला ते आपल्याला कळलं नाही, पण हात दोघांचे घेतले होते. ट्रूपशिपवर एका माणसाला एवढं सामान नेऊ देईनात, म्हणून आपण ती उघडली. फ्रेम आणि चाकं तुझ्या होल्डॉलात, पायडलांचा संच माझ्या ट्रंकेत. बोली अशी होती की मी तुझ्या लग्नाला संच घेऊन यायचं, तुझ्या अंगणात दोघांनी मिळून जोडायची, आणि मग ती सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे.

मी आलो होतो. संच घेऊनच आलो होतो. तसाच परत का गेलो, हे तू विसरला असशील तर तुझी धन्य आहे.

संच माझ्या ट्रंकेत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला आहे. पाहिजे ना? मग एक कर. लग्नाच्या मांडवात तू माझ्याबद्दल एक वाक्य बोललास. ते जसंच्या तसं कागदावर लिही आणि चारचौघांत परत घे. त्या दिवशी संच निघेल. तोवर तुझी फ्रेम भिंतीवर शोभते आहे, शोभू दे.

ज्योतिबा बनसोडे

—

सातारा,
२० ऑक्टोबर १९६४

ज्योतिबा,

रामराम नाही, खुशाली नाही, एकदम तोफखाना. कसलं वाक्य? लग्नात माणूस शंभर जणांशी बोलतो.

पंगत वेगळी बसली याचा तो राग आहे, आडून कशाला बोलतोस? पंगत मी मांडली नव्हती. माझ्या कपाळाला बाशिंग होतं, मला मान वळवता येत नव्हती. सगळा कारभार चुलते आप्पासाहेब यांच्याकडे होता आणि तेव्हा रीतच तशी होती. आता काळ बदलला. आमच्या संघात तुमचे दोन कारकून आहेत, आम्ही एका माठातलं पाणी पितो. तुम्ही लोकांनी धर्म बदलला, आम्ही काही म्हणालो? मग तूही जुनं सोडून दे.

आणि खरं ऐकायचं असेल तर लग्नघरातून न जेवता, न सांगता, आणलेली वस्तू उचलून परत जाणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा बघितला नाही. आप्पासाहेब तेव्हाच म्हणाले होते, "पोत्यात काय न्हेलं ते बघा रं." मी त्यांना गप्प केलं. त्याची तरी जाण ठेव आणि संच पाठव. दिवस कमी आहेत.

हिंदुराव

—

सांगली,
२ नोव्हेंबर १९६४

हिंदुराव,

तुम्ही काही म्हणाला नाहीत, हे उपकार की काय? धर्म बदलायला तुझ्या गोदामातून परवाना काढायचा होता?

पंगतीचं बोलतोस तर ऐक. उकिरड्याच्या अंगाला, बैलगाडीच्या जुवाशेजारी आम्हां चौघांच्या पत्रावळी होत्या. मी युनिफॉर्मात होतो. दंडावर नाईकाच्या दोन फिती. तुझ्या दंडावर एक होती, आठवतं? तुला कानस धरायला कुणी शिकवलं? चार वर्षं एका मगात चहा प्यालो. तरीही त्या पंगतीला मी तयार होतो. निघताना आईनं बजावलं होतं, "पोरा, तिथं बसायला कुठं सांगतील ते मनाला लावून घिऊ नगो, त्यो दोस्त तुजा हाय, गाव न्हाई." मी पत्रावळीपुढे मांडी घातली होती. भात वाढला होता.

तेवढ्यात वाजंत्री दम खायला थांबले. तू दहा पावलांवर होतास. कुणीतरी तुला विचारलं, तो मिलिट्रीवाला कोण? आणि तू उत्तर दिलंस. माझे कान कसे आहेत ते तुझ्या ट्रक ड्रायव्हरला विचार. मी उठलो तो त्या उत्तराला उठलो. आप्पासाहेबांनी पंगत मांडली असेल. वाक्य तुझं होतं.

ते मी तुला सांगणार नाही. तू सांगायचंस.

दुसरं. मंगळवारी एक गॉगलवाले गृहस्थ दुकानात आले. म्हणे पाचगणीच्या एका शाळेतल्या गोऱ्या मास्तरांची सायकल आहे, इटालियन एक्सल आणि कप मिळतील का. मी म्हटलं, बसा, बघतो. आत फळीवर हात घातला तर बाहेर हे साहेब पानवाल्याला सांगतायत, "मामानं नाव सांगू नको म्हटलंय, न्हाईतर त्यो देणार न्हाई." तुझा भाचा लालासाहेब ना? पुढच्या वेळी जरा हळू बोलणारा नातेवाईक पाठव. मी त्याला चहा पाजला आणि सायकलला तेल घालायची एक कुपी देऊन वाटेला लावला. गोऱ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग.

ज्योतिबा बनसोडे

—

सातारा,
२९ नोव्हेंबर १९६४

ज्योतिबा,

झालं तुझं समाधान? फ्रेमची वाट लागली.

तू देत नाहीस म्हटल्यावर मी इथल्या एका लेथवाल्याकडून एक्सल आणि कप करून घेतले. तो म्हणाला, सायकलचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तीस वर्षं हेच करतोय, मला शिकवू नका. तसा त्यानं पाडला. फ्रेममध्ये जाईना. "नवं हाय, घट्ट हाय," म्हणत पान्याला चार फुटी पाईप लावून दोघांनी ओढला. आतले आटे सोलून निघाले. जमिनीवर किसलेल्या खोबऱ्यासारखा लोखंडाचा किस पडला. मी उभा राहून बघत होतो. इटलीतनं आणलेली वस्तू, अठरा वर्षं भिंतीवर जपलेली!

मग त्याच किसात बसून मला आठवलं. त्या म्हाताऱ्यानं दाखवलं होतं, इंग्लिश सायकलचा एक कप उलटा, इटालियनचे दोन्ही सुलटे. तू वहीत लिहूनही घेतलं होतंस. लालासाहेब तुझ्या दुकानात उभा होता तेव्हा तू एक शब्द बोलला असतास तर? चहा पाजलास! तेलाची कुपी दिलीस!

आता ते वाक्य. मी डोकं खाजवून दमलो. 'तो आमच्यातला नाही' असं म्हणालो असेन. नाहीतर 'तो वेगळा बसतो' असं. यातलं जे असेल ते मी परत घेतलं असं समज. झालं? अजून आठ आठवडे आहेत. तू मनात आणलंस तर आटे भरून देशील आणि संच बसवशील. तुझ्याशिवाय हे काम दोन्ही जिल्ह्यांत कुणाला येत नाही, हेही लिहून देतो. आणखी किती वाकू?

हिंदुराव

—

सातारा,
१२ डिसेंबर १९६४

ज्योतिबा भावजी यांस शालूबाई हिंदुराव फडतरे हिचा नमस्कार.

मी तुमच्या दोस्ताची मंडळी. दोन साल शिकवणीच्या वर्गाला गेले, तवा लिवायला आलं. अक्षर वाकडं हाय, वाचून घ्यावं.

तुमची पत्रं ह्यांच्या कोटाच्या खिशात असत्यात. मी वाचली. वाचून माझ्या अंगाची आग झाली, ती तुमच्यावर न्हवं.

ते वाक्य मला ठावं हाय. आवं, मी त्यांच्या शेजारीच हुते. डोईवर पदर, मान खाली, पण कान काय बांधले न्हवते. आप्पासाहेब मामंजींच्या एका पाव्हण्यानं इचारलं, "त्यो मिलिट्रीवाला कोन रं? लय रुबाबात बसलाय." तवा हे म्हनले, "त्यो व्हय? आमच्या वर्कशॉपात झाडलोटीला हुता." आन् पाव्हणा हसला, हे बी हसले. मग तुमी उठलेलं मी बघितलं. भरल्या पत्रावळीवरनं उठलेला मानूस मी पयल्यांदा बघितला.

माझ्या नवऱ्याच्या तोंडचं मी ऐकलेलं पयलं बोलनं ते. कसल्या मानसाच्या हातात हात दिला, असं मला तवाच वाटलं हुतं. नंतर ह्यांनीच मला रातच्याला इटलीच्या गोष्टी सांगितल्या, ज्योतिबानं हे शिकवलं, ज्योतिबानं मला तापात धा दिवस पेज पाजली. मी इचारलं, मग मांडवात तसं का म्हनला? तर म्हनले, "तू ऐकाया चुकलीस." अठरा वर्सं मी ऐकाया चुकलेली हाय.

परवा भांडान झालं. त्यांना सगळं आठवतंय भावजी. पयल्या दिवसापास्नं आठवतंय. कागदावर लिवायची लाज वाटती म्हनून 'डोकं खाजवलं' म्हनत्यात.

भाग देऊ नगा. मी सांगते, देऊ नगा.

शालूबाई

—

सांगली,
१८ डिसेंबर १९६४

शालूबाई वहिनींस ज्योतिबाचा जयभीम.

तुमचं अक्षर वाकडं नाही. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून पुन्हा वाचली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते मी एकट्यानं ऐकलं. कधीकधी वाटायचं, मीच ऐकायला चुकलो असेन. माझ्या कानांची एवढी ख्याती, पण त्या एका वाक्याच्या बाबतीत मला त्यांचा भरवसा नव्हता. आता आहे.

तुम्ही खरं बोललात, तेव्हा मलाही खरं सांगायला हवं. तुमच्या मालकांना मी लिहिलं की संच ट्रंकेत तेलाच्या फडक्यात आहे. ते खोटं आहे. त्या दिवशी मी तुमच्या गावाहून चालत वडूजच्या अलीकडे आमच्या वस्तीवर गेलो. संच विहिरीत टाकायला निघालो होतो. आईनं पोतं धरलं. "लोखंडावर कशापायी राग काढतोस?" म्हणाली. ती जन्मभर तिवईवर उभी राहून दुसऱ्यांचं धान्य उपणायची. वारा पडला की हात वर धरून ताटकळायची. मी आठ दिवस बसून लाकडी चौकट केली, पत्र्याची चार पाती केली आणि त्या संचावर उपणणीचा पंखा बसवला. पायडल मारलं की वारा. तो आजही माझ्या थोरल्या बहिणीकडे, हरणाबाईकडे, चालू आहे.

म्हणजे मी ज्या वस्तूवरून त्याला अडवतोय ती माझ्या हातात नाही. हे त्याला सांगायचं की नाही, ते तुमच्यावर.

तुमचा भावजी
ज्योतिबा

—

सातारा,
२८ जानेवारी १९६५

ज्योतिबा,

शर्यत झाली. मी उतरलो नाही. बक्षीस वाटपाला अध्यक्षांनी माईकवरच विचारलं, "काय फडतरे, इटालियन कुठाय तुमची?" लोक हसले. घरून निघताना शालू म्हणाली होती, आज बोलला नाहीत तर मला हाक मारू नका. ती बायकांच्या रांगेत पुढेच बसली होती. मी माईकपाशी गेलो.

काय बोललो ते लिहितो. म्हटलं, सायकल निम्मी माझी, निम्मी ज्योतिबा बनसोडे याची. तो नाईक होता, मी लान्सनाईक. मला कानस धरायला त्यानं शिकवलं, आजारात त्यानं सांभाळलं. तो माझ्या लग्नाला आला तेव्हा मला एकानं विचारलं, हा कोण, आणि मी सांगितलं, आमच्या वर्कशॉपात झाडलोटीला होता. हे खोटं होतं आणि बोलताना मला ठाऊक होतं की खोटं आहे. ते मी परत घेतो.

मागच्या एकाला वाटलं भाषण संपलं, त्यानं टाळी वाजवली आणि शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. अध्यक्ष म्हणाले, आता चहापान. आप्पासाहेब काठी टेकत उठले आणि माझ्याकडे न बघता गेले. परवापासून आमच्या घराचा उंबरा त्यांनी शिवलेला नाही.

का बोललो होतो, ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. त्या पाव्हण्यानं विचारलं तेव्हा 'माझा वरचा' असं तोंडात आलं होतं. वऱ्हाडापुढे ते निघेना. एवढंच कारण. मोठं काही नाही.

झालं. संच पाठवू नकोस, मागायचं तोंड राहिलेलं नाही. पण एक विचारतो आणि तावातावानं विचारतो. ट्रंकेत आहे, तेलात आहे, फडक्यात आहे! शालूनं काल सगळं सांगितलं. तसला संच, त्या म्हाताऱ्यानं भिंगातून बघून निवडलेले छर्रे, आणि तू तो कोंडा उडवायला लावलास? अरे, लाज नाही वाटली? मला चार महिने वाक्याच्या मागे पळवलंस आणि तुझ्याकडे द्यायला काही नव्हतंच!

हिंदुराव

—

सांगली,
६ फेब्रुवारी १९६५

हिंदुराव,

तू माईकवर बोललास हे तुझ्या पत्राच्या आधी ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. नुसत्या तुझ्या पत्रावर मी विश्वास ठेवला नसता, हे स्पष्ट लिहितो.

बोललास ते बरं झालं. पण ज्या माणसाला ते ऐकायला हवं होतं ते माणूस आता नाही. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "जेवलास का रं?" मी म्हटलं, पोटभर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भाकरी थापायला बसली. तिला कळलं होतं. पुढे अकरा वर्षं जगली, पण तुझं नाव तिनं कधी काढलं नाही.

मी खोटं लिहिलं, खरं आहे. द्यायला काही नसताना तुला अडवलं, तेही खरं. माफी मागत नाही. तू अठरा वर्षं खोटा राहिलास, मी चार महिने.

पण कोंडा उडवायला लावला म्हणून लाज काढतोस? मग ऐक. माझ्या निम्म्या सायकलनं आमच्या वस्तीतल्या अकरा घरांची ज्वारी उपणली. दर साली. आई तिवईवरून खाली उतरली ती त्या पंख्यामुळे. बाळंतीण बाईसुद्धा बसून पायडल मारते, वाऱ्याची वाट बघत नाही. दुष्काळाच्या दोन सालांत वस्तीत दाणे थोडे होते, तेही त्याच वाऱ्यात साफ झाले. ही माझी निम्मी. तुझ्या निम्मीनं काय केलं? भिंतीवर टांगून पाव्हण्यांना दाखवली. त्यांनाही तू सांगत असशील, सगळी माझी.

पंखा आक्काकडे आहे. वडूजच्या अलीकडे, रस्त्याला लागून बौद्ध वस्ती, हरणाबाईचं घर कुणीही दाखवेल. जाऊन बघ म्हणत नाही. बघायची हिंमत असली तर बघ.

ज्योतिबा

—

वडूज,
१५ मार्च १९६५

ज्योतिबास आक्काचा आशीर्वाद. पत्र शाळेच्या मास्तरांनी माझ्या सांगण्यावरनं लिवलंय. ते म्हनत्यात, नीट करून लिवू का? मी म्हटलं, मी बोलते तसंच लिवा.

गेल्या सोमवारी एक फेटेवाला मानूस एसटीतनं उतरला. खांद्यावर सायकलचा निस्ता सांगाडा, चाक न्हाई, काय न्हाई. मी खळ्यावर हुते. मला वाटलं, भंगारवाला. म्हटलं, आमच्याकडं काय न्हाई बाबा, फुडं जा. तर म्हनला, "आक्का, मी हिंदुराव. ज्योतिबाचा पंखा बघाया आलोय." तवा मी बडवायचं दांडकं उचललं. मला वाटलं, पंखा न्ह्यायला आलाय. खळ्यावर माझी निम्मी रास पडल्याली, आन् ह्यो पंखा नेनार! मी त्येला लय बोलले. त्येनं ऐकून घेतलं. बराच येळ पंख्याम्होरं उकिडवा बसून चक्राच्या दातांवरनं बोट फिरवीत हुता. मग म्हनला, बसू का?

सकाळी बसला त्यो उनं कलस्तवर पायडल मारत हुता. मधे उठला न्हाई. धोंडुबाईची रास झाली, माझी झाली. घामानं सदरा पाठीला चिकाटला, फेटा काढून ठिवला. पायडल बरा मारतो, एका लयीत, वारा मागं-फुडं हुत न्हाई. आमच्यातल्या बापयांस्नी जमत न्हाई तसं. चेन करकरायला लागली तवा थांबून म्हनला, "आक्का, गोडंतेल घालू नगा हिला, दाटतं, मी दुसरं पाठवतो." मी म्हटलं, अठरा सालं गोडंतेलावर चाललीया, तू आज शिकवाया आलायस.

दुपारी आमी सगळी जेवाया बसलो, त्यो बी आमच्यात बसला. भाकरी, पिठलं, कांदा. तीन भाकरी खाल्ल्या. खाताना रडत हुता का घाम पुसत हुता ते मला काय कळलं न्हाई आन् मी इचारलं बी न्हाई.

जाताना सांगाडा हितंच ठिवून गेला. म्हनला, "ह्यो बी पंख्याला लावा." कशाला लावू? गोठ्याला टेकवून ठिवलाय, त्येच्यावर कोंबड्या बसत्यात. त्येला संच द्यायचा का न्हाई ते तू ठरीव. पर अजून चार घरांची ज्वारी ऱ्हायलीया. त्येच्या आदी कुनी हात लावला तर दांडकं माझ्याजवळच हाय.

हरणाबाई

—

सांगली,
२१ मार्च १९६५

हिंदुराव,

आक्काचं पत्र आलं. त्या फ्रेमवर कोंबड्या बसतात हे वाचून माझं डोकं फिरलं. पंख्याला लावा म्हणे! अरे, तसली फ्रेम कुणी पंख्याला लावतो? म्हातारा थडग्यातून उठून तुझं मुस्काट फोडेल. अक्कल वर्कशॉपात ठेवून आला होतास काय?

आता नीट वाच. चार घरांची ज्वारी होईपर्यंत संच हलणार नाही, हे आक्कानं ठरवलंय आणि तिच्यापुढे माझं चालत नाही. ज्वारी झाली की पंख्याला आधी देशी संच बसेल. तो कुठेही मिळतो, त्यात वाराही तेवढाच येतो. तो नवा संच घेऊन आपण दोघांनी तिथं जायचं आणि जुना उतरवायचा. चेनव्हीलचे दाते झिजून शार्क माशाच्या दातांसारखे झालेत, हे मला ठाऊक आहे. एक्सलवर छर्ऱ्यांनी खड्डे पाडलेत. दाते भरून, कानसून पुन्हा काढावे लागतील. एक्सल नवा करावा लागेल. फ्रेमच्या आतले आटे तुझ्या लेथवाल्यानं सोलले, ते पितळेनं भरून नव्यानं पाडायचे. दोन्ही बाजूंना सुलटे. वही माझ्याकडे अजून आहे. काम दोन माणसांचं आहे. एकानं धरायचं, एकानं पाडायचं.

राग गेला असं समजू नकोस. काल दुकानात झाडू मारत होतो, तेव्हा एकदम आला, खराटा हातात धरून उभाच राहिलो. तो असा येणार आणि जाणार. काम करतानाही येईल. तेव्हा मी बोलेन, तू ऐकून घ्यायचं.

ज्वारी होईतोवर फ्रेमचे आटे भरून होतील, तेव्हा २९ तारखेला, सोमवारी, वडूजहून फ्रेम घेऊन ये. दुकान सकाळी सातला उघडतं. उशीर चालत नाही.

आणि डबा आणू नकोस.

ज्योतिबा